दुधाविना दही : घर आणि पंगत यांच्या दृष्टीने

(मंडळाच्या वार्षिक संमेलनात भगिनी शाखेच्या सभेत दिलेले व्याख्यान)



शिक्षण, वसतिगृह, विवाहखर्च अशा भारदस्त विषयांच्या पंक्तीला दह्यासारखा घरगुती विषय येऊन बसलेला पाहून आपणांपैकी पुष्कळांना नवल वाटले असेल. त्यातून ‘दुधाविना दही’ म्हणजे तर उघड वदतोव्याघात! परंतु ज्या विषयाचा संबंध आपल्या पंगतीशी येतो, तो विषय ज्ञातिसंस्थेच्या व्यासपीठावर उपरा मानता येणार नाही. आपल्या मंडळाची पहिली ओळखच मुळी एका पंगतीला बसणाऱ्या माणसांची म्हणून आहे. त्या पंगतीत शेवटचा भात आला म्हणजे ज्याला पानावर हात आडवा धरून ‘नको’ म्हणावे लागते, अशा माणसासंबंधी मी आज बोलणार आहे.

असा माणूस आज घरोघर आहे. त्याचे तीन वर्ग पडतात, आणि त्यांची गल्लत केल्याने पुष्कळ घोटाळा होतो. म्हणून प्रथम ते वेगळे करून पाहू.

पहिला वर्ग दूध न पचणाऱ्यांचा. दुधात लॅक्टोज नावाची दुग्धशर्करा असते. ती पचविणारे लॅक्टेज नावाचे पाचकद्रव्य लहान मुलाच्या आतड्यात विपुल असते. मात्र वय वाढू लागले की जगातील सुमारे दोन तृतीयांश माणसांमध्ये त्याचे प्रमाण उतरत जाते. मग पेलाभर दूध घेतले की पोट फुगते, गुरगुरते, ढाळ होतात. ह्यात नाजूकपणा नाही की थेर नाहीत; ही केवळ शरीराची ठेवण होय. ह्या वर्गातील मंडळींना एक सुखद वार्ता सांगितली पाहिजे. विरजणातील जीवाणू दुग्धशर्करेचा काही भाग स्वतःच खाऊन टाकतात, आणि उरलेली पचविण्यास पोटात गेल्यावरही हातभार लावतात. त्यामुळे दूध न सोसणाऱ्या पुष्कळांना ताक व दही बेताने सोसते. तेव्हा दूध पचत नाही एवढ्याच कारणाने घाईघाईने दह्याचाही त्याग करू नये.

दुसरा वर्ग दुधाची ॲलर्जी असणाऱ्यांचा. येथे शत्रू साखर नसून दुधातील प्रथिने आहेत. दह्यात ती प्रथिने जशीच्या तशी असतात. म्हणून अशा मुलाला ‘चमचाभर दह्याने काय होणार?’ असे म्हणून भरविणे हा अविचार होय. अंगावर गांधी उठणे, ओठ सुजणे, उलटी होणे, श्वास कोंडणे येथपर्यंत त्याची मजल जाऊ शकते. लहानपणीची ही ॲलर्जी पुष्कळदा पुढे ओसरते. परंतु ती ओसरली की नाही हे डॉक्टरांनी ठरवावयाचे, आजीने किंवा आत्याने पंगतीत परीक्षा घेऊन नव्हे.

तिसरा वर्ग विचाराने दूध सोडणाऱ्यांचा. आपली मुलेमुली मुंबई-पुण्यास आणि परदेशीही शिकण्यास व नोकरीस गेली. त्यांतील काही जण प्राण्यापासून मिळणारे कोणतेच अन्न न घेण्याचे व्रत घेऊन घरी परततात. वडीलधाऱ्यांस ते खूळ वाटते. पण ह्या विचाराला आपल्याकडे पूर्वपरंपरा नाही असे मात्र समजू नये. महात्मा गांधींनी १९१२ साली दक्षिण आफ्रिकेत टॉलस्टॉय फार्मवर असताना दूध वर्ज्य केले होते. १९१८ साली जडलेल्या दीर्घ दुखण्यातून उठताना कस्तुरबांच्या सूचनेवरून ते शेळीच्या दुधावर आले. व्रत घेताना आपल्या मनात गाय व म्हैस होती, असा आधार त्यांनी घेतला खरा. परंतु त्याची टोचणी त्यांनी आत्मकथेत लपविलेली नाही. दुधाची जागा घेईल असा वनस्पतिज पदार्थ कोणी जाणकाराने सुचवावा, अशी इच्छा त्यांनी तेथेच व्यक्त केली आहे. पुढे १९३५ साली वर्ध्याच्या मगनवाडीत त्यांनी आहारात सोयाबीनचे प्रयोग केले व ‘हरिजन’ पत्रातून त्यांविषयी लिहिले. म्हणजे आपल्या नातवंडांचा प्रश्न हा नव्वद वर्षांपूर्वी आपल्याच महाराष्ट्रात, वर्ध्याच्या चुलीवर शिजत होता.

ह्या तिन्ही वर्गांचे समाधान घरच्या घरी, थोड्या खर्चात होण्यासारखे आहे. त्यासाठी आधी दही म्हणजे काय ते पाहू.

दही होते ते दोन क्रियांनी. एक आंबण्याची, दुसरी थिजण्याची. विरजणातील जीवाणू शर्करा खातात व दुग्धाम्ल तयार करतात. आंबटपणा एका ठरावीक मर्यादेस पोहोचला की दुधातील केसीन हे प्रथिन परस्परांस धरून जाळे विणते, त्या जाळ्यात पाणी व स्निग्धांश अडकतो, आणि आपण म्हणतो, ‘दही लागले.’ स्तामेन ग्रिगोरोव्ह ह्या बल्गेरियन शास्त्रज्ञाने १९०५ साली आपल्या देशातील दह्यामधील दंडाकृती जीवाणूचे वर्णन केले; पुढे १९०८ साली नोबेल पारितोषिक मिळविणारे एली मेचनिकॉव्ह ह्यांनी दह्याच्या गुणांचा पुरस्कार केल्याने युरोपात त्याचा गाजावाजा झाला. आपल्या गृहिणींना मात्र विरजण जपणे, ते शेजारणीकडून वाटीत मागून आणणे आणि हिवाळ्यात भांडे कांबळ्यात गुंडाळणे ही सारी विद्या ग्रंथावाचून अवगत होती.

आता दुधाऐवजी वनस्पतीचा रस घेतला तर काय होईल? आंबणे ही क्रिया बहुतेक कोणत्याही रसात घडते. जीवाणूंना थोडी साखर व ऊब मिळाली म्हणजे पुरे. थिजणे मात्र त्या रसातील प्रथिनांवर अवलंबून असते. सोयाबीनमध्ये प्रथिने शेकडा ३६ ते ४०, भुईमुगाच्या दाण्यांत सुमारे २५. म्हणून त्यांच्या दुधाचे दही आपोआप धरते. नारळाच्या रसात स्निग्धांश भरपूर, पण प्रथिने अगदी बेताची. म्हणून ते आंबते, परंतु उभे राहत नाही. हे एक सूत्र ध्यानात ठेवले की पुढची सारी कृती आपोआप उलगडते.

भुईमूग व सोयाबीन ही दोन्ही पिके आपल्या परिचयाची आहेत. १९५० साली म्हैसूर येथे स्थापन झालेल्या केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्थेने भुईमुगाच्या प्रथिनांची जोड देऊन ‘मिल्टोन’ नावाचे दुधासारखे पेय सिद्ध केले होते. सोयाबीनचे तर विदर्भ-मराठवाड्यात दूरवर शेतच शेत दिसते. पुण्याच्या ज्या महाराष्ट्र विज्ञानवर्धिनीला पुढे आघारकर संशोधन संस्था हे नाव मिळाले, तिने सोयाबीनचे अनेक वाण शेतकऱ्यांच्या हाती दिले आहेत. असे असूनही सोयाबीन आपल्या शेतात आहे, तेलाच्या डब्यात आहे, परंतु मुदपाकखान्यात अजून पाहुणाच आहे.

आता प्रत्यक्ष कृतीकडे वळू. प्रथम दाण्यांचे दही सांगते, कारण नवशिक्या हातालाही ते साधते.

वाटीभर कच्चे शेंगदाणे निवडून घ्यावेत. ‘निवडून’ ह्या शब्दावर मी जोर देते. सुरकुतलेला, काळवंडलेला, बुरशी आलेला किंवा खवट दाणा निर्दयपणे फेकून द्यावा. बुरशीच्या दाण्यांत अफ्लाटॉक्सिन नावाचे विष असू शकते. १९६० साली इंग्लंडात भुईमुगाची पेंड खाऊन हजारो टर्की पक्षी मेले तेव्हा त्याचा शोध लागला. हे विष यकृताला घातक असून घरगुती उकळण्याने नाहीसे होत नाही. निवडलेले दाणे सात-आठ तास भिजत घालावेत, नंतर कढत पाण्यात दोन मिनिटे ठेवून त्यांची साले चोळून काढावीत. तीन वाट्या पाण्यात ते गंधासारखे बारीक वाटावेत व स्वच्छ पंचातून पिळून घ्यावेत. हे झाले दाण्यांचे दूध. मंद आचेवर सतत ढवळीत त्यास उकळी आणावी व पाच-सात मिनिटे उकळू द्यावे. ढवळणे थांबले की ते तळाशी धरते. मग बोटाला सुखावह वाटेल इतके कोमट, म्हणजे सुमारे ४० अंश, झाले की त्यात पाव चमचा साखर व मोठा चमचाभर विरजण घालून नीट ढवळावे, झाकावे आणि ऊबदार जागी हलविल्याशिवाय ठेवावे. उन्हाळ्यात सहा-सात तासांत, थंडीत दहा-बारा तासांत ते लागते. साखर गोडीसाठी नाही. ती जीवाणूंची शिदोरी आहे. दाण्यांत दुग्धशर्करा नसते, म्हणून ती वरून द्यावी.

सोयाबीनचे दही ह्याहून घट्ट, अगदी कवडीचे लागते. मात्र त्यास दोन पथ्ये आहेत. थंड पाण्यात वाटले की दाण्यातील एक पाचकद्रव्य स्निग्धांशावर क्रिया करते आणि कच्च्या शेंगेचा उग्र वास सुटतो. तो टाळावयाचा तर रात्रभर भिजविलेले, साले काढलेले दाणे उकळत्या पाण्यात घालून त्या कढत पाण्यासकटच, जपून, थोडे थोडे वाटावेत. वाटीभर कोरड्या सोयाबीनला एकंदर पाच-सहा वाट्या पाणी पुरते. हे झाले पहिले पथ्य. दुसरे असे की, कच्च्या सोयाबीनमध्ये प्रथिनांच्या पचनाला अडथळा करणारी द्रव्ये असतात. ती उष्णतेने निष्प्रभ होतात. म्हणून गाळलेले दूध पंधरा-वीस मिनिटे चांगले उकळावे. पहिला फेस वर आला म्हणजे उकळी आली असे समजून विस्तव बंद करू नये. हा फेस फसवा असतो. भांडे खोल घ्यावे, आच कमी करून फेस बसू द्यावा व खरी उकळी तेथून मोजावी. पुढची कृती दाण्यांच्या दह्याप्रमाणेच. पंचात उरलेला चोथा टाकू नये. थालिपिठात किंवा वड्यांत मिसळून तो पुरता शिजवून खावा.

नारळाचे दही आपल्या कोकणी जिभेला सर्वांत जवळचे, कारण सोलकढीमुळे नारळाच्या रसाने जेवण संपविण्याची सवय आपल्याला आधीपासून आहे. मात्र सोलकढीला आंबटपणा आमसुलाने येतो. येथे तो जीवाणूंनी आणावयाचा. एका नारळाचा दोन वाट्या दाट रस काढावा. त्यातील थोड्या गार रसात दोन मोठे चमचे तांदळाची पिठी किंवा आरारूट कालवावे, ते उरलेल्या रसात मिसळून मंद विस्तवावर खिरीइतके दाट होईपर्यंत ढवळावे. खळखळून उकळले तर रस फुटतो, म्हणून घाई करू नये. कोमट झाल्यावर किंचित साखर घालून सोयाबीनच्या किंवा दाण्यांच्या दह्याचे विरजण लावावे. रात्रभरात ते आंबते, आणि नंतर शीतकपाटात ठेवल्यावर खरे दाट होते. निम्मा नारळाचा रस व निम्मे सोयाबीनचे दूध असे एकत्र केले तर चव नारळाची आणि घट्टपणा सोयाबीनचा, असा दोन्हींचा लाभ होतो.

आता विरजणाचा प्रश्न. ज्यांना केवळ दूध पचत नाही, त्यांनी पहिल्या वेळी घरच्या साध्या दह्याचे विरजण लावण्यास हरकत नाही. परंतु दुधाची ॲलर्जी असणाऱ्यासाठी किंवा व्रतस्थासाठी दह्याचा थेंबही चालणार नाही. तेथे आपली जुनी युक्ती उपयोगी पडते. पाच-सहा हिरव्या मिरच्यांचे देठ धुऊन वाटीभर कोमट सोयाबीनच्या दुधात चिमूटभर साखरेसह बुडवून ठेवावेत. देठांवर निसर्गतः असलेले जीवाणू बारा-पंधरा तासांत त्याला आंबवितात. हे पहिले दही खाण्यासाठी नव्हे. त्याची चव व वास बेभरवशाचे असतात. देठ काढून टाकून त्याचे चमचाभर विरजण दुसऱ्या दुधाला, दुसऱ्याचे तिसऱ्याला असे लावीत गेले म्हणजे तिसऱ्या-चौथ्या खेपेस स्वच्छ आंबट, एकजीव दही हाती येते. औषधाच्या दुकानात दह्याच्या जीवाणूंच्या कुप्या मिळतात, त्याही चालतात. मात्र काहींत दुधाचा अंश असतो, म्हणून वेष्टनावरील मजकूर वाचून घ्यावा.

भांडे काचेचे, चिनी मातीचे किंवा पोलादाचे घ्यावे. कल्हई उडालेल्या पितळेत आंबट पदार्थ कळकतो, हे आपल्या आज्या जाणून होत्या. ते दुधाच्या दह्याला जितके लागू तितकेच ह्यालाही. पंधरा-सोळा तास ऊब देऊनही आंबटपणा आला नाही, तार सुटली, दुर्गंधी आली किंवा हिरवा, काळा, गुलाबी डाग दिसला, तर वरचा थर काढून खालचे वाचविण्याचा लोभ धरू नये. विरजणासकट सारे टाकावे. चांगले दही शीतकपाटात तीन-चार दिवस उत्तम राहते.

स्वयंपाकात ते कोशिंबीर, रायते, दहीभात, दहीवडा ह्यांना निःशंक वापरावे. कढीसाठी मात्र त्यात आधी डाळीचे पीठ कालवावे व उकळी फुटू देऊ नये, नाहीतर पाणी आणि गाळ वेगळे होतात. उपवासाच्या दिवशी, ज्या घरी दाणे चालतात त्या घरी दाण्यांचे दही चालण्यास अडचण नसावी. सोयाबीन हे कडधान्य, म्हणून तो दिवस त्याचा नव्हे. देवाच्या पंचामृतात ते घालावे की नाही, हा ज्याच्या त्याच्या श्रद्धेचा प्रश्न आहे. त्यात मी पडत नाही.

गुण सांगितले, आता उणिवाही सांगितल्या पाहिजेत. कारण अर्धे सत्य सांगून केलेला प्रचार घराघरांत नुकसान करतो. हे पदार्थ दह्यासारखे दिसतात म्हणून ते पोषणातही दह्याइतके आहेत असे समजू नये. सोयाबीनचे दही प्रथिनांच्या बाबतीत दुधाच्या जवळ येते. दाण्यांचे त्यानंतर. नारळाच्या दह्यात प्रथिने नाममात्र, आणि स्निग्धांश मात्र भारी. ज्यांना हृदयविकाराचे पथ्य आहे त्यांनी ते बेतानेच खावे. गाईच्या शंभर ग्रॅम दुधात सुमारे १२० मिलिग्रॅम कॅल्शियम असते. ह्या घरगुती दह्यांत तेवढे नसते. ते नाचणी, तीळ, राजगिऱ्याचा पाला ह्यांनी भरून काढावे. शंभर ग्रॅम नाचणीत ३४० मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असते, आणि नाचणी तर आपल्या मुलखाचे धान्य. बी-१२ हे जीवनसत्त्व मात्र ह्या वनस्पतिज दह्यांतून मिळत नाही. दूध पूर्णपणे सोडणाऱ्याने डॉक्टरांच्या सल्ल्याने ते औषधरूपाने घेतलेच पाहिजे. आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट : एक वर्षाच्या आतील बालकाला आईच्या दुधाऐवजी किंवा डॉक्टरांनी सांगितलेल्या अन्नाऐवजी घरी केलेले दाण्यांचे, सोयाबीनचे वा नारळाचे दूध कधीही देऊ नये. तेथे हौस जिवावर बेतते.

आणखी एक खुलासा. मी दुधाविरुद्ध बोलण्यास उभी नाही. दुभत्या जनावरांवर ज्यांचा संसार चालतो अशी कुटुंबे आपल्यातही आहेत, आणि ज्याला दूध सोसते व रुचते त्याने ते अवश्य घ्यावे. कोणी काय सोडावे हे सांगण्याचा अधिकार मला नाही. ज्याने सोडले आहे, किंवा ज्याला सोडणे भाग पडले आहे, त्याच्या पानात काय वाढावे एवढाच माझा प्रश्न आहे. आपल्या भगिनींपैकी कोणी हे दही गृहोद्योग म्हणून विकू इच्छीत असेल तर तिने एवढे ध्यानात ठेवावे की, आपल्या अन्नसुरक्षा नियमांप्रमाणे ‘दही’ ही संज्ञा दुधाच्या पदार्थासाठी राखलेली आहे. वनस्पतिज अन्नासाठी २०२२ साली स्वतंत्र नियमही झाले आहेत. घरात आपण त्याला काहीही म्हणावे, बाजारात नाव चोख असावे.

आता मंडळापुढे दोन सूचना ठेवते व आपली रजा घेते.

पहिली सूचना भोजन समितीस. आपल्या वार्षिक पंगतीत ह्यापुढे एक भांडे ह्या दह्याचे असावे. त्यावर ते कशाचे आहे हे ठळक अक्षरांत लिहिलेली चिठ्ठी असावी, कारण जसे दूध काहींना अपायकारक तसे शेंगदाणे व सोयाबीनही काहींना अपायकारक असतात. त्याचे पळे वेगळे असावे, आणि वाढणाऱ्याने दुधाच्या दह्यातले पळे त्यात बुडवू नये. एवढ्या लहानशा काळजीवर एखाद्या मुलाचा जीव अवलंबून असू शकतो.

दुसरी सूचना वसतिगृहाच्या चालकांस. तेथील एखाद्या विद्यार्थ्याला दूध सोसत नसेल तर तो संकोचाने बोलत नाही आणि ताकाची वाटी मुकाट्याने शेजाऱ्याकडे सरकवितो. प्रवेशाच्या वेळी आपण त्याचे गाव विचारतो, घराणे विचारतो, गुण विचारतो. त्यासोबत ‘तुला काय सोसत नाही?’ हाही प्रश्न विचारावा. सोयाबीन भिजविणे, वाटणे, विरजणे हे विद्यार्थ्यांनीच आळीपाळीने करावे. हे काम बायकांचेच आहे असे शास्त्रात कोठेही लिहिलेले नाही, आणि ह्या सभेत मागच्या बाजूस बसलेल्या बंधूंनीही ते ऐकून ठेवावे.

ज्ञातीची एकी ठरावांनी जितकी टिकते, त्याहून अधिक ती पंगतीत टिकते. पूर्वी आपल्याकडे कोणी पथ्यावर असला की यजमानीण पंगत उठण्यापूर्वी त्याच्या पानाकडे जातीने पाही, आणि त्याच्यापुरता वेगळा पदार्थ न सांगता आणून वाढी. ती रीत नवी नाही, ती आपलीच आहे. केवळ पदार्थ नवा आहे. शेवटचा भात येईल तेव्हा कोणालाही पानावर हात आडवा धरावा लागू नये, एवढीच माझी विनंती.